बिनअर्थिंगची सुप्रभा

गाडी घेताना माणूस रंगावरून बायकोशी भांडतो, सीटच्या कापडावरून मुलाशी भांडतो, नंबराच्या आकड्यांची बेरीज करून बघतो, सोसायटीत पेढे वाटतो. आणि ही विजेची गाडी जेवणार कुठे, हा प्रश्न त्याला गाडी दारात आल्यावर पडतो. मग तो मला फोन करतो.

मी मेश्राम. परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदार. वडील विदर्भातून खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात आले आणि आम्ही भावंडं तिथल्या क्वार्टर्समध्ये वाढलो. बाबासाहेबांची तसबीर, बुद्धाची मूर्ती आणि आमची प्रगतिपुस्तकं या तीन गोष्टी घरात लखलखीत असल्या पाहिजेत, असा वडिलांचा दंडक होता. पहिल्या दोन शेवटपर्यंत लखलखीत राहिल्या. तिसरीने मला आयटीआयत पोचवलं. वडील स्फोटकांत, मी विजेत. दोन्ही धंद्यांचा नियम एकच, हात आधी चालवायचा नाही. तोंड मात्र मी कायम आधीच चालवत आलो. वसाहतीतल्या जयंतीच्या कार्यक्रमांत नाटकं केलेला माणूस आहे मी. चार लोक समोर उभे दिसले की माझा आवाज आपोआप वर जातो, हात हलायला लागतात, आणि साधा फ्यूज बदलायचा असला तरी त्याचा प्रवेश होतो.

आधी धंदा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. भिंतीवरची ती गुळगुळीत चार्जरची पेटी म्हणजे खरं तर एक शहाणा स्विच. ती गाडीशी बोलते, घराच्या वायरिंगची चौकशी करते, आणि सगळं मनासारखं असेल तरच वीज सोडते. सून बघायला आलेल्या आत्याबाईंसारखी. गाडीने किती खायचं ते गाडीच्या पोटातलं यंत्र ठरवतं, पेटी नाही. हे लोकांना पटत नाही. बाणेरचा एक आयटीतला मुलगा मला म्हणाला, "काका, मला सगळ्यात फास्ट पाहिजे. बावीस किलोवॅटवाला."

"तुमची गाडी सातच घेते."

"पण फ्यूचरप्रूफ नको का?"

"लग्न झालंय तुमचं?"

"नाही अजून."

"मग पाळणाघरातही नाव घालून ठेवा."

त्याने सातचाच घेतला. सात म्हणजे तरी काय, घरातले तीन-चार गीझर एकदम लावून रात्रभर तसेच ठेवण्यासारखं. म्हणून आधी वीज कंपनीकडून घराचा मंजूर भार वाढवून घ्यायचा, मीटरपासून पार्किंगपर्यंत जाड केबल ओढायची, आणि गळती झाली की क्षणात वीज तोडणारा स्विच बसवायचा. हे सगळं लोक ऐकून घेतात. मग मी चौथी गोष्ट काढतो, अर्थिंग, आणि त्यांचं लक्ष उडतं. कारण अर्थिंग दिसत नाही, त्याने दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. ती हिरवी वायर आयुष्यभर काही न करता पडून असते. कुठल्या यंत्रातून वीज बाहेर गळली, तर ती माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी या वायरीने मुकाट जमिनीत जावी, एवढंच तिचं काम.

लोणी काळभोरच्या एका काकांना हे मला समजावावं लागलं नाही. त्यांची गाडी गोठ्यात उभी राहणार होती. "सायेब, जागा तेवढीच हाय. आन् म्हशींची काय तक्रार न्हाय," ते म्हणाले. पण तक्रार होती. पाण्याच्या हौदाकडे एकही म्हैस फिरकत नव्हती, तहानेने जीभ बाहेर आली तरी. काकांनी जनावरांचा डॉक्टर आणला, दृष्ट काढली. मी हौदाजवळच्या मोटरीला टेस्टर लावला. मोटर गळत होती आणि हौदाच्या पाण्यात हलकासा करंट होता. माणसाला मुंग्या येतील एवढाच.

"बघा," काका म्हशीच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "हिला कळलं. आमी मात्र तिला येडी म्हनत होतो."

मी मोटर दुरुस्त केली, गोठ्यात अर्थिंगचा खड्डा घेतला, चार्जर बसवला. काकांनी चार्जरला हार घातला आणि म्हशींनी तो खाल्ला. ही हकीकत मी शंभर ठिकाणी सांगितली असेल. दर वेळी लोक हसतात.

पुढची मी कुठेच सांगितलेली नाही.

कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत सुप्रभा नावाची जुनी सोसायटी आहे. तीन मजले, लिफ्ट नंतर बसवलेली, जिन्यात कुंड्या, आणि सूचनाफलकावर सूचनांपेक्षा टोमणे जास्त. तिथल्या आगाशेसरांनी मला बोलावलं. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, ताठ. पत्नी गेल्यावर त्यांनी विजेची गाडी घेतली होती.

"या वयात गाडी?" मी माझ्या स्वभावानुसार विचारलं.

"घर खायला उठतं, मेश्राम. सकाळी गाडी काढतो, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातो, परत येतो. मुलगी म्हणते, बाबा, पेट्रोल जाळू नका. म्हणून ही." मग माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "आणि वयाचं म्हणाल, तर गाडीला चालवणाऱ्याचं वय कळत नाही. तेवढीच एक जागा उरली आहे."

माणूस मला आवडला. काम सरळ होतं. मीटररूम तळमजल्यावर, पार्किंग तिथून जवळ. आम्ही केबल ओढली, पेटी बसवली, गाडीला वायर जोडली. पेटीवर लाल दिवा लागला. काढली, परत जोडली. परत लाल.

"बिघडलेली आणलीत का?" आगाशेसर.

"सर, पेटी बरोबर आहे. पेटी तुमच्या इमारतीला नापास करते आहे."

मी टेस्ट लॅम्प काढला. साधा बल्ब, दोन वायरी. एक टोक विजेला आणि दुसरं अर्थिंगला लावलं की बल्ब पेटला पाहिजे. बल्ब जेमतेम निखाऱ्यासारखा लाल झाला आणि थांबला. म्हणजे अर्थिंगची वायर होती, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नव्हती. मी वायरीचा माग काढत निघालो. मीटररूममधून बाहेर, मागच्या भिंतीने, पाण्याच्या टाकीच्या दिशेने. आणि टाकीशेजारी मला ते सापडलं.

ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. भिंतीवर हातभर लांबीचा लोखंडी पाइपाचा तुकडा. त्याला घट्ट बसवलेली पट्टी, पट्टीला हिरवी वायर. पाइपाला वर काही नाही, खाली काही नाही. अंगावर भिंतीच्या रंगाचाच छान ऑइलपेंट. एखाद्या थोर माणसाचा अर्धपुतळा असावा तसा तो तुकडा भिंतीवर मिरवत होता.

झालं असं होतं. जुन्या काळी वायरमन लोक वेगळा खड्डा घेत नसत. जमिनीतून येणारा पाण्याचा लोखंडी पाइप दिसला की हिरवी वायर त्यालाच बांधून मोकळे होत. शास्त्राला धरून नव्हतं, पण चालायचं, कारण पाइप मैलभर जमिनीत गाडलेला. मग पाइप गंजले, सोसायट्यांनी ते काढून प्लास्टिकचे घातले. नळवाल्याला विजेतलं कळत नाही आणि वीजवाल्याला कुणी बोलावलं नाही. इथल्या नळवाल्याने पाइप वरून कापला, खालून कापला, मधला तुकडा वायर बांधलेली म्हणून न काढता तसाच सोडला. त्या दिवसापासून सगळी इमारत बिनअर्थिंगची.

आणि मला रंग चढला. पार्किंगमध्ये आगाशेसर एकटेच प्रेक्षक, पण मला तेवढा पुरतो.

"सर, हे बघा! ज्या कुणा महापुरुषाने हे पाइप बदलले, त्याचा सत्कार करा! कळलं का काय झालं? आता समजा, घरची बाई सकाळी अंघोळीला गेली. गीझरमधून वीज गळते आहे. हिरवी वायर आहे, पण हवेत लटकलेली. वीज बिचारी वाट बघते. बाई ओल्या अंगाने नळाला हात लावते. वीज म्हणते, चला, आली आमची वाट! बाई जागच्या जागी खाली. दार तोडतात, डॉक्टर येतात, वय बघतात, ब्लडप्रेशरची गोळी बघतात, आणि म्हणतात..."

"हार्ट," आगाशेसर म्हणाले.

हे वाक्य माझं असतं. दर वेळी मीच म्हणतो. त्यांनी ते इतक्या हळू म्हटलं की माझे हात हवेतच राहिले.

"पाइप मी बदलले," ते म्हणाले. "मी सेक्रेटरी होतो तेव्हा. सगळ्यांच्या मागे लागून करून घेतलं. गढूळ पाणी यायचं म्हणून." मग त्यांनी त्या तुकड्याला हात लावला, रंगावरून बोट फिरवलं. "हा रंगही मीच लावून घेतला. उघडं लोखंड वाईट दिसत होतं."

मी काहीतरी म्हणालो. काय ते आठवत नाही; नक्कीच बिनकामाचं असणार.

"सुमन त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गेली," ते म्हणाले. "बाथरूममध्ये. नळ चालू होता."

वरून कुणीतरी चादर झटकली. मग ते मला म्हणाले, "ती म्हणायची, नळाला मुंग्या येतात. दोन-तीनदा म्हणाली."

"मग?"

"मी म्हटलं, चपला घालून अंघोळ कर."

मी हत्यारं गोळा करायला लागलो. अशा वेळी माणसाने निघून जावं. पण आगाशेसरांनी मला थांबवलं. त्यांच्या आवाजात जुना अधिकारी परत आला होता.

"जुना गीझर माळ्यावर आहे. ती गेल्यावर मुलीने नवा बसवला. मी टाकला नाही तो. तुम्हाला तपासता येईल?"

पुण्यात वस्तू टाकत नाहीत याबद्दल मी आजवर पुष्कळ विनोद केले आहेत. त्या दिवशी एकही सुचला नाही. आम्ही वर गेलो. सुमनताईंचं घर नीटनेटकं होतं, म्हणजे एका माणसाने रोज मुद्दाम नीटनेटकं ठेवलेलं होतं. माळ्यावरून गीझर काढला, जुन्या साडीत गुंडाळलेला. जमिनीवर ठेवला. गळती मोजायचं एक यंत्र असतं. जोरदार दाब देऊन ते बघतं की वीज कुठून निसटते का. मी ते लावलं. माझी पाठ आगाशेसरांकडे होती, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मी एकदा तपासलं. जागा बदलून परत तपासलं. मग गीझरमध्ये पाणी भरून तपासलं.

"सर," मी वळलो, "हा शंभर टक्के निर्दोष आहे. कुठेही गळती नाही."

ते खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "नक्की?"

"माझ्या परवान्याची शपथ."

"म्हणजे हार्टच."

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. ते स्वयंपाकघरात गेले, चहाचं आधण ठेवलं, आणि आतून पहिल्यांदाच जरा मोकळ्या आवाजात बोलायला लागले. मुलगी कुठे असते, सुमनताई लोणची कशा घालायच्या, सगळ्या इमारतीत बरण्या कशा जायच्या. कप घेऊन बाहेर आले आणि मधेच थांबले.

"मेश्राम, गीझर निर्दोष, तर मग नळाला मुंग्या कशाच्या?"

विमा कंपनीत त्यांनी तीस-पस्तीस वर्षं लोकांचे दावे तपासले होते. हा प्रश्न त्यांना पडणारच होता. मला वाटलं होतं, चहा पिऊन होईपर्यंत तरी पडणार नाही.

"सर, तुमच्या मजल्यावरचं ड्रेनेज तुंबलं, तर पाणी कुणाच्या मोरीतून वर येतं?"

"कुणाच्याही."

"ती हिरवी वायर सगळ्या इमारतीत एकच आहे. प्रत्येक घरातला गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळं तिलाच बांधलेलं. तिचं जमिनीतलं टोक तुटलं. मग एका घरात गळती झाली की ती वीज त्या वायरीवरून सगळ्यांच्या घरी फिरते. ज्याचा गीझर चांगला, त्याच्याही नळाला."

आगाशेसरांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे कुणाचं तरी."

"असू शकतं. किंवा खरंच हार्ट. ते आता जगातला कुठलाच माणूस सांगू शकणार नाही."

"पण गळती कुठे आहे ते सापडेल?"

"अजून असेल तर सापडेल. मुंग्या अजून येत असतील, तर असणारच. आधी नवं अर्थिंग घालावं लागेल, मग घरोघर तपासावं लागेल."

"करा," ते म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "नाही. सोसायटीची परवानगी लागेल. मीटिंग बोलावतो."

मला ते घर सोडून बाहेर आल्यावर कळलं की त्या माणसाच्या हातात मी काय देऊन आलो होतो. तिथे चौदा-पंधरा कुटुंबं. त्यांपैकी एकाच्या घरातून वीज गळत होती. मीटिंगमध्ये उभं राहून एवढं म्हटलं असतं, की तुमच्यापैकी कुणीतरी माझी बायको मारली, तरी ते खोटं आहे असं कुणी सिद्ध करू शकलं नसतं. मग त्या लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोललं नसतं.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. मी छोटंसं भाषण केलं, हात खिशात घालून. मग बापट उठले. बापट म्हणजे सुप्रभाचे कायमचे विरोधी पक्षनेते. कुठल्याही ठरावाला विरोध करायचा, आणि मग त्याच्या अंमलबजावणीला सगळ्यांत आधी यायचं.

"अहो आगाशे, चार्जर तुमचा, गाडी तुमची, आणि खड्डा आमच्या नव्या फरशीत?"

"खड्डा सगळ्यांसाठी आहे," आगाशेसर म्हणाले.

"इमारत बांधल्यापासून कुणाला काही झालं आहे का? तुमच्या पेटीला लाल दिवा लागला, म्हणून आम्ही घाबरायचं? उद्या तुमची गाडी शिंकली तर आम्ही काढा घ्यायचा का?"

लोक हसले. मीही हसलो असतो, दुसरीकडे कुठे असतो तर. मी आगाशेसरांकडे बघत होतो. ते खुर्चीवर हात टेकून उठले. मला वाटलं, आता बोलणार.

"एकच विचारतो," ते म्हणाले. "कुणाच्या नळाला मुंग्या येतात?"

"हा काय प्रश्न आहे?" बापट.

"आमच्या येतात की," पहिल्या रांगेतून लेलेकाकू म्हणाल्या. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, कानाचं यंत्र लावलेल्या. "मी आपली लाकडी पाटावर उभी राहून अंघोळ करते. पाटावरून काही लागत नाही."

मागून एक तरुण सून म्हणाली, "आम्ही मोरीत रबरी चपला ठेवल्यात. सासूबाईंनी सांगितलं होतं, या घरात असंच असतं."

"आम्ही आधी बादली भरतो, गीझर बंद करतो, मग आत जातो," आणखी कुणीतरी.

"मला वाटायचं, आमच्याच नळाला."

"मला वाटायचं, माझीच नस दबली आहे. मानेचा एक्स-रे काढला मी."

एकेक बाई बोलायला लागली. बहुतेक बायकाच. पाट, चपला, रबरी पायपुसणं, कोरड्या टॉवेलने नळ फिरवायचा. अख्ख्या इमारतीने गुपचूप, ज्याने त्याने आपल्या दाराआड, विजेशी तडजोड केली होती आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. लोणीच्या म्हशीने जे पहिल्या दिवशी सांगितलं, ते सुशिक्षित पुण्याने पाट घेऊन निस्तरलं होतं. आणि मग मागच्या खुर्चीतून बापटांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आपल्याकडेही येतात. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"कधी?"

"तुम्ही म्हणालात, आधी रक्तदाब तपासून घे."

असा हशा पिकला की वॉचमन बघायला आला. बापट लाल झाले. कुणीतरी टाळी दिली. लेलेकाकूंना ऐकू आलं नव्हतं, तर त्यांच्या कानात परत सांगितलं गेलं आणि त्याही हसल्या. आगाशेसरही हसत होते, खरंच हसत होते, डोळे मिटून.

हसू ओसरायला लागलं तेव्हा ते म्हणाले, "सुमनलाही यायच्या."

एवढंच. पुढे काही नाही. एकेक चेहरा हिशोब करत होता, मग स्वतःच्या घराकडे वर बघत होता, मग खाली. लेलेकाकूंनी शेजारणीला विचारलं, "काय म्हणाले?" तिने सांगितलं नाही, नुसता त्यांचा हात धरला.

शेवटी बापट उठले. घसा साफ केला. "मेश्राम, खड्डा कुठे घ्यायचा म्हणता?"

फरशी कुठून उचलायची ते बापटांनी स्वतः खडूने आखून दिलं.

दोन खड्डे घेतले, तांब्याचे रॉड ठोकले, नवी जाड पट्टी मीटररूमपर्यंत आणली. तो भिंतीवरचा रंगवलेला तुकडा काढून टाकू का, असं मी विचारलं. आगाशेसर म्हणाले, "असू दे." मग म्हणाले, "नाही, काढा." मी काढला.

घरोघर तपासायला सुरुवात करण्याआधी त्यांनी मला गाडीपाशी बोलावलं.

"जिथे सापडेल तिथे दुरुस्त करा. मला फ्लॅटचा नंबर सांगू नका."

"सर, तुम्हाला नंतर वाटेल, की..."

"वाटेल. रोज वाटेल. म्हणूनच सांगू नका. मला या लोकांबरोबर लिफ्टने जायचं असतं. यांच्याच खांद्यावर ती गेली, आणि माझाही नंबर यांच्याच खांद्यावर आहे." आणि मग, पुणेरी माणूस शेवटी पुणेरीच, म्हणाले, "आणि तुमच्या पोटात काही राहत नाही हे मला पहिल्या दिवशीच कळलं आहे. म्हणून हात जोडून सांगतो."

त्यांनी खरंच हात जोडले.

सापडलं. एका घरात जुना गीझर होता. त्यातलं तापवणारं नळकांडं उभं चिरलेलं, वीज सरळ पत्र्यावर आणि पत्र्यावरून हिरव्या वायरीवर. किती वर्षांपासून, ते सांगता येत नाही. पण चिरेवर क्षार बसून दगड झाला होता. घरातल्यांनी मला विचारलं, "काही निघालं का हो?"

मी म्हटलं, "जुनं झालंय. बदलून टाकू."

"टाका. बरं झालं बाई, वेळेवर लक्षात आलं." मग मला बसवून घेतलं, थालीपीठ खाऊ घातलं, आणि वाटीत लिंबाचं लोणचं वाढलं. "हे सुमनताईंच्या पद्धतीचं बरं का. त्यांनीच शिकवलं. त्या होत्या तोवर बरणी वरूनच यायची."

मी ते थालीपीठ खाल्लं. लोणचंही खाल्लं. आजवर केलेल्या सगळ्या भूमिकांत ती सगळ्यात अवघड होती, आणि प्रेक्षकांना ती भूमिका आहे हे कळायचंच नव्हतं. ते घर कुठलं, हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. या लेखात मी त्या इमारतीचं नाव बदललं आहे, मजलेही बदलले आहेत, आडनावंही. उगाच शोधत बसू नका.

संध्याकाळी चार्जरला परत वीज दिली. गाडी जोडली. हिरवा दिवा लागला. बापटांनी टाळ्या वाजवल्या, दोन-चार जण फोटो काढायला लागले. आगाशेसरांनी दिव्याकडे एकदा बघितलं, मान हलवली, आणि मला म्हणाले, "वर येता का जरा?"

लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, "झालं सगळीकडे?"

"झालं."

त्यांनी तोंड उघडलं. लिफ्ट थांबली. त्यांनी तोंड मिटलं आणि दार उघडलं.

वर गेल्यावर ते सरळ बाथरूममध्ये गेले. गीझरचं बटण लावलं. पाणी तापेपर्यंत आम्ही दाराशी उभे राहिलो. मग त्यांनी चपला काढून बाहेर ठेवल्या, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले, दोन्ही हात बादलीत बुडवून ओले केले आणि नळ घट्ट धरला.

मी श्वास रोखला. मीच तपासलेलं काम होतं, तरी रोखला.

"काहीच लागत नाही," ते म्हणाले.

"नाहीच लागणार, सर."

"काहीच नाही हो."

मी म्हटलं, "या बाहेर." ते आले नाहीत. नळ धरून तसेच उभे राहिले.